शंभर घोड्यांचा एक हौद

एका राज्यात शंभर घोडे होते आणि शंभरांना पाणी प्यायला एकच हौद होता. हौद चांदीचा. राजाच्या आजोबांनी तो एका जादूगाराकडून हिसकावून आणला, आणि जादूगार मागे मागे आला म्हणून त्यालाच त्यात बुडवला. बुडता बुडता तो म्हणाला, "ज्या थाटात मला बुडवलंत, त्याच थाटानं तुमची पागा बसेल." मग तो तळाशी जाऊन राहिला. पाण्यात अधूनमधून बुडबुडे येत, ते त्याचेच.

थाट असा, की रोज सकाळी नौबत झडे. आधी राजाचा घोडा हौदाला तोंड लावी, मग सेनापतीचा, मग प्रधानाचा, असं करत शेवटी चौकीदाराचं तट्टू. राजाच्या घोड्याचं उष्टं पाणी म्हणजे प्रसाद. हौद कधी उपसायचा नाही, नुसती वरून भर घालायची. हे कोणी ठरवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते मोडायची कुणाची छाती होत नव्हती.

राजाच्या घोड्याचं नाव गगनटाप. तो जमिनीच्या वीतभर वरून धावे. त्याच्या खुरांना जन्मात माती लागली नव्हती.

त्याची सगळी उस्तवार गोजरा करी. गोजरा पूर्वी अश्वपाठशाळेत शिकायची. शिक्षण बारा वर्षांचं. तिसऱ्या वर्षी तिने राजगुरू दीर्घशास्त्र्यांना विचारलं, "गुरुजी, घोड्याची नाडी कुठं लागते?" शास्त्रीबुवांना घोड्यांवरचे बाराशे श्लोक पाठ होते, पण घोड्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यांनी तिचं नाव त्याच दिवशी काढून टाकलं. ती पाठशाळेच्या पायऱ्या उतरली ती थेट पागेत गेली आणि खराटा उचलला. नाडी जबड्याखाली लागते, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं.

एका सकाळी गगनटापाने चंदीचे दाणे तसेच ठेवले. मान पुढे ताणून उभा राहिला. नाकातून पिवळा, घट्ट शेंबूड गळत होता, पाणी प्याला तर ते नाकावाटे परत आलं. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, हात लावू देईना. आणि गोजराने खाली पाहिलं, तर त्याचे चारी खूर जमिनीला टेकले होते.

"ताप आहे," पागेच्या तुळईवरची साळुंकी म्हणाली. ती दिवसभर घोड्यांच्या पाठींवर बसून माश्या खाई, त्यामुळे तिला पागेतलं सगळं कळे. "मघाशी बसले, तर पाय पोळले."

गोजराने घोडा पागेच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेऊन एकटा बांधला आणि दरबारात गेली.

"महाराज, हा गळ्याच्या गाठीचा रोग आहे. शेंबडातून, पाण्यातून, आपल्या हातांतून पसरतो. हौद बंद करा."

दीर्घशास्त्री हसले. "महाराज, रोग नव्हे, शाप आहे. प्रसाद कमी पडला. आजपासून सगळ्या घोड्यांना तीन वेळा पाणी पाजावं, गगनटापाला पुढे घालून."

राजा सुमंतसेन स्वभावाने चांगला होता. पण जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटे. तीन वेळा नौबत झडली, तीन वेळा शंभर तोंडं त्या पाण्यात बुडाली. आठवडाभरात बारा घोडे खोकू लागले.

मग थोरल्यांची सभा भरली. चूक झाली असेल असं सभेत कुणी बोललं नाही, ती तशी सभाच नव्हती. ठरलं एवढंच, की पुढच्या अमावास्येला गगनटापाला कड्यावरून लोटावं, म्हणजे शापही त्याच्याबरोबर जाईल.

"घोड्याचा दोष काय?" गोजराने विचारलं.

"कारटे, तिसऱ्या वर्षात हाकललेल्यांनी असलं विचारू नये," शास्त्रीबुवा म्हणाले.

"बरोबर आहे. बारा वर्षं शिकलेल्यांनी तरी विचारा मग."

राजाला हसू आलं आणि त्याने ते मिशीत लपवलं. तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, तिला तीन कामं घाला. जमली तर घोडा तिचा."

शास्त्रीबुवा बोटांवर मोजू लागले. "एक, उद्या कोणता घोडा आजारी पडणार ते आज सांगावं. दोन, ती गाठ शस्त्र न लावता फोडावी. तीन, ज्याने शाप दिला त्याची साक्ष आणावी."

गोजराने पहिल्या कामाला पहाटेच हात घातला. आधी निरोगी घोडे, मग संशयाचे, आजारी सगळ्यांत शेवटी, आणि प्रत्येक घोड्यानंतर हात राखेने धुवायचे. कानामागे, काखेत हात लावून ती ऊब पाही, साळुंकी पाठीवर बसून पाही. खोकला मागाहून येतो, ताप आधी. तीन घोडे निघाले, वरून ठणठणीत, चंदी खाणारे.

"हे ठणठणीत?" शास्त्रीबुवा म्हणाले. "यातला एक तर सेनापतींचा आहे."

"तापाला ते कुणी सांगितलं नाही, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघांचीही नाकं गळू लागली.

दुसऱ्या कामाला धीर लागत होता. गोजरा जवस शिजवून, कापडात गुंडाळून, सोसवेल इतकं गरम पोटीस गाठीवर बांधी. दिवसातून चार वेळा. गगनटापाला कोरडं गवत गिळवत नव्हतं, म्हणून कोंड्याची कोमट पेज त्याच्याच वेगळ्या बादलीत. शास्त्रीबुवा रोज येऊन म्हणत, "दाबून टाक की."

"कच्ची दाबली तर आतल्या आत फुटेल. मग घोडा जाईल."

"अमावास्या चार दिवसांवर आली."

"गाठीला पंचांग कळत नाही, गुरुजी."

घोड्याचा श्वास घरघरत होता आणि ती त्याच्या मानेला टेकून प्रत्येक श्वास ऐकत बसे.

अमावास्येच्या आदल्या दिवशी गाठीच्या टोकावरचे केस गळाले, कातडी मऊ पडली. शास्त्रीबुवा खात्री करायला वाकले आणि गाठ फुटली. सगळा पू त्यांच्या रेशमी उपरण्यावर. ते ओरडत निरोगी घोड्यांकडे पळाले.

"तिथंच थांबा," गोजरा म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की ते खरंच थांबले. "उपरणं चुलीत टाका. हात धुवा. मग कुठं जायचं तिथं जा."

तिने जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली आणि फडकी जाळली. संध्याकाळी गगनटापाने पेजेची बादली चाटून पुसून संपवली.

तिसऱ्या कामासाठी ती हौदाच्या काठावर जाऊन बसली. "जादूगारबाबा, साक्ष हवी आहे."

बुडबुडे आले. "यायला तयार आहे. पण ज्या घराण्याने मला बुडवलं, त्याच्याच हाताने हौद रिकामा झाला पाहिजे. नोकराच्या हाताने नाही."

गोजराने जसंच्या तसं राजाला सांगितलं. दरबार उभा राहिला. हौद उपसायचा? तोही राजाने? शास्त्रीबुवा पूर्वजांची नावं घेऊ लागले, सात पिढ्यांपर्यंत पोचले.

राजाने गोजराकडे पाहिलं. "तू काही बोलणार नाहीस?"

"काय बोलायचं, महाराज? जो शेवटी बोलतो त्याचं तुम्हाला पटतं. म्हणून म्हटलं, या वेळी शेवटी तुम्हीच बोला."

"हौद मीच उपसणार," राजा म्हणाला. मग त्याने अंगरखा काढला, बादली घेतली आणि दिवसभर हौद उपसला. तळहाताला फोड आले. तीन पिढ्यांचं शेवाळ, गवताच्या काड्या, घोड्यांची लाळ बाहेर आली आणि सगळ्यांत शेवटी हिरव्या दाढीचा जादूगार.

"साक्ष देतो," तो शिंकत म्हणाला. "मी रोग पाठवला नाही. मी फक्त म्हणालो, तुमच्या थाटानंच पागा बसेल. पुढचं सगळं तुम्ही स्वतः केलंत, रोज सकाळी, नौबत वाजवून."



जादूगाराने रिकाम्या हौदावर थाप मारली. हौदाच्या शंभर बादल्या झाल्या, प्रत्येकीवर एकेका घोड्याचं नाव. "आजारी घोडे बरे करणं माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "ते हिच्या हातात आहे." आणि दाढी पिळत तो आपल्या गावी निघून गेला.

गगनटाप धरून सोळाही आजारी घोडे गोजराने वेगळे ठेवले, नाकं कोरडी झाल्यावर पुढे तीन आठवडे वेगळेच ठेवले, आणि एकही दगावला नाही. ज्या सकाळी शेवटच्या तट्टाचा दोर सोडला, त्या सकाळी गगनटापाचे, आता तिच्याच घोड्याचे, खूर जमिनीपासून बोटभर उचलले गेले. मग वीतभर. मग तो पागेवरून एक फेरी मारून आला, साळुंकी त्याच्या दोन कानांच्या मधोमध बसलेली.

खाली दीर्घशास्त्री उभे होते. नवीन, सुती उपरणं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि विचारलं, "गोजरा, घोड्याची नाडी नक्की कुठं लागते?"

गोजराने त्यांचा हात गगनटापाच्या जबड्याकडे नेला आणि मध्येच थांबवला.

"आधी हात धुऊन या, गुरुजी."

ते धुऊन आले. तेव्हापासून त्या राज्यात शंभर घोडे आहेत, शंभर बादल्या आहेत, आणि पाठशाळेचा पहिला धडा पागेत होतो.