कवडझरीचा धुतलेला कडा

कवडझरीच्या ओढ्याकाठी एक कडा आहे. तांबडे, पिवळे, जांभळे वाळूच्या दगडाचे थर एकावर एक, लुगड्यांच्या घड्या रचाव्यात तसे. पाहुणे आले की गावचे लहानुजी बुवा त्यांना कड्यासमोर बसवतात आणि सांगतात, हा कडा आमच्या बायका दरवर्षी धुतात. त्याची गोष्ट अशी.

फार वर्षांपूर्वी म्हणे दगडांची नोंद करणारे एक साहेब या मुलखात फिरत होते. हे थर जिथे सर्वांत स्पष्ट दिसतील, त्या गावाचं नाव या सगळ्या दगडाला द्यायचं होतं. दोनच गावं उरली होती, कवडझरी आणि ओढ्यापलीकडचं पिंपळडोह. कवडझरी तर तेव्हा कुठल्या नकाशातही नव्हती!

साहेब कडा बघायला येणार म्हणून पाथरवटाची सून सायत्रा हरखून गेली. पाहुण्यापुढे भिंत अशी उघडी ठेवतात का? तिने बायका जमवल्या, शिड्या लावल्या आणि सगळा कडा शेणाने सारवून वर चुन्याची बोटं ओढली.

साहेब आले आणि बघतच राहिले. "थर कुठे आहेत?"

"आत आहेत जी," सायत्रा म्हणाली. "चांगलं दिसावं म्हणून सारवलं."

साहेबांनी वही मिटली. "मला आजच निघायचंय. मग पिंपळडोहच लिहावं लागेल."

सासू कडाडली, "सायत्रे, गावाचं नाव घालवलं वं तू!"

सायत्रा ओढ्यावर धावली. घागर भरली, कड्याच्या माथ्यावर चढली आणि वरून ओतली. मग दुसरी बाई चढली, मग तिसरी. शेवटी सासूही पदर खोचून आली. शेण वाहून गेलं आणि ओले थर असे झळकले म्हणे, की कोरडे असताना कधी न दिसलेल्या बारीक रेषा उठून आल्या. कुण्या जुन्या नदीच्या लाटांच्या खुणाही दिसल्या. साहेबांनी हसत वही उघडली आणि लिहिलं, 'कवडझरी शैलसमूह'.

पलीकडून पिंपळडोहकर ओरडले, "आमचा दगडही तोच आहे जी!"

"तोच आहे," साहेब म्हणाले. "म्हणून त्याचंही नाव आता कवडझरीच."

आजही चैत्रात गावातल्या नव्या सुना कड्यावर पहिली घागर ओततात. आणि पिंपळडोहात विहीर खणताना तांबडा दगड लागला, की नारळ फोडायला कवडझरीच्या बायकांना मानाचं बोलावणं येतं. त्या जातात, पण जरा उशिरानेच.