उंबरनाळेचा धुळाबाबा

तुमच्या आजोबांच्या आजोबांना अजून दात यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. सावरदांड गाव सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. खालचं कोकण नुसतं डोळ्यांना दिसायचं, उतरायला वाट नाही. मूठभर मिठासाठी चार दिवसांचा वळसा! त्या गावात धुळा ढेबे नावाचा धनगर होता. हरवलेल्या शेळीच्या मागं तो एकदा कड्यात शिरला, तो तीन दिवसांनी खांद्यावर मिठाची गोणी घेऊन वर आला. लोकांनी भूत समजून दारं लावून घेतली, असं म्हणतात.

त्यानं शोधलेली वाट म्हणजे उंबरनाळ. उभी, चिंचोळी, आणि मधे एका जागी तर एकच पाऊल मावेल एवढी. बाजूला सरळ दरी. तिथं धुळा कड्याला पाठ लावून उभा राहायचा आणि एकेकाचं मनगट धरून पलीकडं काढायचा. चाळीस वर्षं हेच केलं त्यानं. त्याच्या हातून माणूस सोडा, कोकरूसुद्धा गेलं नाही. त्यानं मनगट धरलं की भोवळ आलेल्याची भोवळ उतरायची, असं म्हणतात. आता एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?

त्याची एक रीत होती. निघताना जितकी माणसं, तितके खडे कनवटीला खोचायचे. एक माणूस पलीकडं गेला की एक खडा दरीत. खडे संपले की मगच स्वतः हलायचं. त्याआधी आभाळ कोसळलं तरी नाही.

एका वैशाखात गावातल्या तान्हाईच्या लेकाचं लग्न खाली कोकणात लागलं आणि नवरीला घेऊन वऱ्हाड वर निघालं. धुळा तेव्हा पार थकला होता, त्यात अंगात ताप. तरी पायथ्याशी बसून तो खडे वेचू लागला. ते पाहून तान्हाई कडाडली, "मामा, टाका बघू ते खडे! लग्नाची माणसं कुणी मोजतं का? दृष्ट लागेल माझ्या सुनेला."

"अगं, मोजलं नाही तर मागं कोण राहिलं ते मला कळायचं कसं?"

"राहतंय कोण? सगळी आपलीच तर आहेत!"

नवरी पोरगी बिचारी भेदरून त्याच्याकडं बघत होती. शुभकार्यात आपल्यामुळं शंका नको, म्हणून म्हाताऱ्यानं खडे टाकून दिले. मनाला मात्र ते पटलं नव्हतं.

वऱ्हाड अर्ध्यात आलं आणि वळवानं गाठलं. गारा, वारा, वर असं धुकं की स्वतःचा हात दिसेना. कुडकुडणाऱ्या नवरीच्या अंगावर धुळानं आपली घोंगडी टाकली आणि तो आपल्या जागेवर उभा राहिला. धुक्यातून एकेक हात येत होता, तो धरत होता, पलीकडं सोडत होता. मग हात यायचे थांबले.

"अजून कोण आहे का रं मागं?" त्यानं हाक दिली. उत्तर नाही. नुसता वारा. पण त्या वाऱ्यात त्याला कुणीतरी कण्हल्यासारखं वाटलं. खाली बघायला जावं, तर तेवढ्यात एखादं लेकरू इथं आलं म्हणजे? निघून जावं, तर चाळीस वर्षांचं सगळं पाण्यात! सांगणारा खडा कनवटीला नव्हता. म्हातारा हात पुढं करून तसाच उभा राहिला.

इकडं वऱ्हाड धापा टाकत गावात शिरलं. जो तो समजला, बाबा मागच्यांना घेऊन येतोय. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, तेव्हा नवरीनंच विचारलं, "ही घोंगडी कुणाला द्यायची? ते बाबा कुठं आहेत?" तेव्हा कुठं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

धावत जाऊन बघतात तर धुळा उभाच. पाठ कड्याला, हात पुढं. जीव मात्र गेलेला. चार गड्यांनी जोर लावला तरी हात खाली होईना, पहारीसारखा ताठ, असं म्हणतात. अशा माणसाला माती तरी कशी द्यायची?

तान्हाई ऊर बडवत पुढं आली. "माझं चुकलं, मामा! माझ्या मेलीचं चुकलं!" हात हलला नाही. तिनं डोळे पुसले. खालची सगळी वाट एकदा नीट न्याहाळली, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मामा, सगळी पोचली. मागं कुणी राहिलं नाही."

तेव्हा तो हात हळूहळू खाली आला आणि तिच्याच डोक्यावर टेकला, असं म्हणतात.

तिथंच कड्याच्या वळचणीला त्याला माती दिली. दोन कोसांत घर नाही, दिवा नाही. आता तर एस.टी. दुसऱ्याच घाटानं जाते. पण सावरदांडचं वऱ्हाड आजही माणसं मोजूनच निघतं, दृष्ट लागायची ती लागो. आणि उंबरनाळेतून कुणीही गेलं, तरी सगळ्यात मागचा माणूस त्या समाधीपाशी थांबतो. नारळ नाही, नवस नाही. दगडावर हात ठेवून एवढंच सांगायचं, "बाबा, मी शेवटचा. माझ्यामागं कुणी नाही. बसा आता."