अचलपूरला जायचा ऋतू

“मग अचलपूरला जावं तरी कोणत्या ऋतूत, महाराज?”

त्र्यंबकशास्त्र्यांनी हे विचारलं तेव्हा चैत्राचं ऊन मठाच्या पायरीपर्यंत आलं होतं. मोतीगीर बाबा ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते.

“तूच सांग गा. पंचांग तुह्यं.”

शास्त्रीबुवांना तेवढंच हवं होतं. ते बाबांचे शिष्य खरे, पण पंचक्रोशीत कुणी परगावी निघालं की आधी शास्त्रीबुवांना विचारायचं, असा त्यांचा मान. ते सांगू लागले. पावसाळ्यात सापन नदी फुगते, वाटेत गुडघाभर चिखल. थंडीत सातपुड्याचा वारा हाडात शिरतो. उन्हाळ्यात तर अंगाची लाही. उरले पावसानंतरचे चार बरे दिवस, तर नेमका पितृपक्ष आडवा येतो.

“म्हंजे शहरच चुकीच्या जागी वसलं म्हना.”

शास्त्रीबुवा हसले नाहीत.

अचलपुरात त्यांची थोरली बहीण होती, अनूताई. आई गेल्यावर तिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. तिचा नवरा वारला तेव्हा सांगावा आला, पण त्या दिवशी प्रवासाला कुयोग होता. शास्त्रीबुवा गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटली, आणि तिसऱ्या दिवसापासून ते चांगला ऋतू शोधू लागले. नाचता येईना, अंगण वाकडं!

“काल पुन्हा सांगावा आलाय,” ते हळूच म्हणाले. “ताईला आता नुसता उजेड आणि अंधार कळतो. भावाला एकदा पाठवा म्हणते.”

बाबांनी दोर खाली ठेवला. ते उठले आणि भिंतीतल्या देवळीतून तीन गाठोडी काढली.

मुहूर्त साधतो पण निघणं जमत नाही, अशा वेळी सुपारी, अक्षता आणि एखादं वस्त्र बांधून वाटेवरच्या घरी ठेवायची रीत आहे. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. माणूस घरीच असला तरी निघाला असं धरायचं, आणि मग दोन-चार दिवसांत खरंच निघायचं. शास्त्रीबुवांनी अशी तीन प्रस्थानं मठात ठेवली होती. तिन्हींवर धूळ बसली होती.

“तुह्यी गाठोडीच तेवढी निंगतात गा,” असं म्हणून बाबांनी ती खांद्यावर टाकली आणि अनवाणीच पायऱ्या उतरले.

“महाराज! कुठे?”

“अचलपूरले. इतके दिस झाले निंगून, पोचवाले नको?”

“भर उन्हात? अहो, वेळ तरी बघा!”

बाबा थांबले नाहीत. शास्त्रीबुवा पंचांग ओसरीवरच टाकून मागे धावले. गाव संपलं, वाट तापली. बाभळीपाशी म्हाताऱ्याला धाप लागली. शास्त्रीबुवांना भडभडून आलं. त्यांनी बाबांच्या खांद्यावरची गाठोडी ओढून घेतली.

“द्या इकडे. जातो मी.”

बाबा बाभळीच्या बुंध्याशी टेकले.

शास्त्रीबुवा गाठोडी घेऊन तसेच उभे राहिले...

“ऊन-पावसाचं काही नाही, महाराज,” अखेर ते म्हणाले. “मला तिच्या दाराची भीती वाटते.”

“हाव,” बाबांनी मान डोलावली.

“ती विचारेल, तेव्हा का नाही आलास. काय सांगू?”

“काई सांगू नको. जवळ जाऊन बस.”

“आणि तिनं तोंड फिरवलं तर?”

बाबा बुंध्याचा आधार घेत उठले.

शास्त्रीबुवांचे डोळे भरले होते. कपाळावरून घाम गालांवर ओघळत होता. आसवं कुठली आणि घाम कुठला, काही कळत नव्हतं. त्यांनी तोंड पुसायला उपरणं उचललं.

बाबांनी त्यांचा हात धरला.

“पुसू नको गा. ताई आता हातानंच पाहील.”