शेवूची झाकली मूठ

करवंदांच्या डोंगरापलीकडे, जिथे कोवळं धुकं सकाळभर गवतावर लोळत पडतं, तिथे शेवू नावाची इवलीशी मुलगी राहायची. घरात ती आणि आई, दोघीच. डब्यात मूठभर पीठ आणि कोपऱ्यात तापाने फणफणलेली आई. शेवूने वैद्यबुवांना बोलावलं, ते म्हणाले उद्या बघू. शेजारच्या म्हाळसाकाकूंकडे दूध मागितलं, तर त्या झोपाळ्यावरून उतरल्याच नाहीत. गरिबाच्या पोरीचं ऐकतं कोण?

रडत रडत शेवू करवंदीच्या जाळीत शिरली. तिथे काट्यांत काहीतरी लुकलुकत होतं, गुलाबी, मोरपिशी, सोनेरी. एका छोटुकल्या परीचा पंख अडकला होता. स्वतःची बोटं ओरबाडून घेत शेवूने तो अलगद सोडवला. परीने तिच्या बोटांवर फुंकर घातली आणि हवं ते माग म्हणाली.

"सगळ्यांनी माझं ऐकावं, परीताई."

परीने शेवूच्या उजव्या तळव्यावर एक चमचमतं बी ठेवलं. "मूठ झाकलेली आहे तोवर सगळे ऐकतील. उघडलीस की संपलं. पुन्हा मागायचं नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही अशी. शेवूने नुसतं सांगितलं आणि वैद्यबुवा काढा घेऊन धावले. म्हाळसाकाकूंनी दूध आणलं, वर पदराने आईला वारा घालत बसल्या. शेवूला भारी गंमत वाटली. तिने कोंबड्याला गप्प बस म्हटलं, तोही बसला. पण हसत मात्र कुणीच नव्हतं. सगळे नुसत्या माना डोलावत होते.

"आई, बरी हो ना," शेवू म्हणाली.

"हो," म्हणत आई उठून बसली आणि हसली. शेवूने डाव्या हाताने तिचं कपाळ चाचपलं. ते तव्यासारखं तापलं होतं. आई ऐकत होती, ताप ऐकत नव्हता. शेवू घाबरली.

"आई, खरं सांग, तुला काय हवंय?"

"तुझ्या हातची भाकरी. आणि मला जरा निजू दे."

आता एका हाताने भाकरी थापायची कशी? मूठ उघडावी, तर वैद्यबुवा जाणार, दूध जाणार. आणि आईला काही झालं तर? आई अजून हसतच होती, सांगितल्यासारखी. ते हसू तिला बघवेना. तिने मूठ उघडली.

बी टुणकन चुलीपुढच्या मातीत पडलं. आई आडवी झाली. काकू आणि वैद्यबुवा दचकून उठले आणि दूध, काढा उचलून आपापल्या घरी गेले. शेवूने डोळे पुसले, पीठ मळलं आणि दोन्ही हातांनी भाकरी थापू लागली. थप थप, थप थप.

तेवढ्यात मातीतून पोपटी कोंब वर आला. बघता बघता त्याला चिमुकली चांदणफुलं लागली. गोड, थंडगार वास घरभर पसरला. आईच्या कपाळावर घाम फुटला आणि ताप उतरला. गाढ झोपून उठल्यावर तिने भाकरीचा तुकडा अन् तुकडा संपवला.

वास गावातही गेला असावा. वैद्यबुवा ओशाळून दारात आले. मागून म्हाळसाकाकू दुधाचा तांब्या घेऊन आल्या. बोलवायला कुणीच गेलं नव्हतं.

खिडकीत पंख चमकले. "मुठीत बी कधी रुजत नाही, शेवू," परी म्हणाली आणि सोनेरी उजेडात विरून गेली.

शेवूने वळून पाहिलं. तिने काहीच सांगितलं नव्हतं, तरी आई हसत होती.