एक्का घ्यायचा कधी?

"मग एक्का घ्यायचा कधी? पहिल्या फेरीला, दुसऱ्या की तिसऱ्या? एकदाच काय तो नियम सांगून टाका, ताई."

निशिकांत बेंद्रे तावातावानं बोलत होते. वकिलाला नियम लागतोच; त्याशिवाय पळवाट सापडत नाही.

इंदुताई परचुरे पत्ते पिसत राहिल्या. सांगलीच्या त्या क्लबात त्या चाळीस वर्षं ब्रिज शिकवत होत्या. उद्याच्या अंतिम सामन्याच्या अर्जावर त्यांचं नाव होतं. भिडूची जागा कोरी. सेक्रेटरी दारात ताटकळलेले.

"परवा एक्का राखला, तर तो शेवटपर्यंत कामालाच आला नाही. काल तुम्ही भिडू असताना लगेच घेतला, तर टेबलावर उघडी मांडलेली चौकटची पानं विरुद्ध जोडीनं एकामागून एक वाजवली. दोन्हीकडून मीच गाढव?"

"उघड्यावर काय होतं?"

"राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी."

"तुझ्याकडे?"

"एक्का, अठ्ठी, चौकी."

"आणि मी काय टाकलं?"

"सत्ती?"

"विचारतोयस की सांगतोयस?"

"असेल काहीतरी बारीकसारीक! एक्का माझ्याकडे होता, ताई."

"दुर्री होती."

भिडूनं लहान पान टाकलं तर त्याच्याकडे त्या रंगाची पानं विषम, मोठं टाकलं तर सम. पहिल्याच आठवड्यातला धडा. बेंद्रेंनी बोटांवर हिशेब केला. ताईंकडे तीन... म्हणजे ती उघडी पानं खेळवणाऱ्याकडे दोनच. एक फेरी थांबून एक्का घेतला असता, तर त्याच्याकडची चौकट संपली असती आणि उघड्यावरची उरलेली पानं जागच्या जागी मेली असती.

ताईंनी गड्डीतले सगळे एक्के, चित्रं, दश्श्या, नव्व्या वेचून बाजूला ठेवल्या. राहिलेल्यांतली तेरा पानं बेंद्रेंपुढे सरकवली.

"यात एकही हात होत नाही," ते म्हणाले.

"नाही होत."

"ताई, नाव..." सेक्रेटरी खाकरले.

बेंद्रेंनी अर्जाकडे पाहिलं. मग पानं उचलली, रंगवार लावली. बराच वेळ लावला. आवाज खाली आला होता.

"कुठलं टाकू?"

ताईंनी अर्ज ओढला, कोऱ्या जागेत बेंद्रेंचं नाव लिहिलं आणि सेक्रेटरींकडे दिला.

"टाक कुठलंही. मी बघतेय."