एका दमात गुणोजीराजे

"उद्यापासून मैदानात हुतुतू बंद!" भैरवगडच्या राजानं हुकूम सोडला. वडील गुणोजीराजे वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ तिथं बाग व्हायची होती, आणि बागेत दिवसभर फक्त त्यांचं नाव घुमायला हवं होतं.

पोरं रडकुंडीला आली. डोंगराळ गावात दुसरी सपाट जागा होतीच कुठे? माळ्याची ठकू तडक दरबारात गेली.

"महाराज, मैदान आमचं आम्हाला राहू द्या!"

राजा एक नंबरचा हट्टी. म्हणाला, "मग सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या आबासाहेबांचं नाव अखंड घेऊन दाखवा. तेही हौसेनं! मध्ये खंड पडला की मैदानाला काटेरी कुंपण!"

दिवाणजी गालातल्या गालात हसले. आदल्याच दिवशी त्यांनी भाट बसवून हा उद्योग करून पाहिला होता. दुपारपर्यंत सगळे घोरत होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं दिवाणजीच!

"कबूल!" ठकू म्हणाली. "फक्त आखायला थोडी फक्की द्या."

सकाळी तिनं मैदान आखलं आणि ओरडली, "आज हुतुतू म्हणायचं नाही, गुणोजी म्हणायचं! एकाचा दम संपायच्या आत दुसऱ्यानं नाव उचलायचं!"

मग काय विचारता! "गुणोजीगुणोजीगुणोजी..." करत गडी सुटले. पोरं आली, पैलवान आले, हजामत अर्धी टाकून न्हावी आला. त्याच्यामागे अर्ध्या मिशीचं गिऱ्हाईकही आलं! ऊन उतरलं तरी नाव काही थांबेना.

दिवाणजी लालबुंद झाले. "महाराज, हा अपमान आहे! थोरल्या महाराजांचं नाव घेत हे लोक धुळीत लोळतायत!"

ठकू फणकारली, "दिवाणजी, तुमचे भाट नाव घेता घेता झोपले. इथं नाव सोडलं की गडी बाद! कोण सोडेल?"

राजाला हसू आवरेना. पगडी दिवाणजींच्या हातात कोंबून तो स्वतःच "गुणोजीगुणोजी" करत आत घुसला. न्हाव्यानं त्याचा पाय धरला, तरी धन्याचा दम तुटेना!

दिवे लागले. धुळीनं माखलेला राजा धापा टाकत म्हणाला, "जिंकलीस पोरी! पण माझी बाग?"

"मैदानाभोवती लावा की, महाराज! नाव घेऊन दमलेल्यांना सावली नको?"

राजा पोट धरधरून हसला. मैदान गावाला कायमचं मिळालं, ठकूला पंचाचा मान मिळाला, आणि रोज सकाळी फक्की मारायचं काम मिळालं दिवाणजींना!