बिनरांगोळीचं अंगण

एक होता राजा. तो आपल्याला फारसा लागणार नाही, पण राजा नसला की तुम्ही ऐकायलाच बसत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. तर त्या राजाला समुद्रात किल्ला बांधायची हौस आली. जमिनीवर जशी जागाच उरली नव्हती. मग त्यानं दवंडी पिटवली, घरटी एक माणूस द्या, बारा वर्षांसाठी. झाला राजा. आता त्याला तिकडे समुद्रात राहू दे.

मैने, पाय आत घे. गोधडी हवी तर आपली ओढ, भावाची ओढू नको.

तर काय झालं, घाटाच्या पायथ्याशी एक घर होतं. गाव सगळं ओढ्याच्या पलीकडे आणि हे एकटंच अलीकडे. घाटातून उतरणारी वाट त्या घराच्या अंगणाला लागूनच ओढ्याकडे जायची. घरात माणसं दोन. ठकूबाई आणि तिचा मुलगा हैबती. नवरा कधीच देवाघरी गेलेला. मग दवंडी आली, तेव्हा ठकूबाईच्या घरून कोण जाणार? हैबतीच जाणार.

तो निघाला त्या दिवशी दसरा होऊन आठवडा झाला होता. ठकूबाईनं भाकरी बांधून दिल्या. हैबती म्हणाला, "आये, बारा वर्सांनी ह्याच घाटानं उतरीन. वरच्या वळणावरनं आपली भिंत दिसती. पांढरी दिसली तर समजीन, तू हाईस. नाय दिसली तर खाली पाऊल टाकणार नाय. आल्या वाटेनं माघारी जाईन. तुझ्यावाचून मला त्या घरात काय हाय?"

असलं निघताना बोलू नये, बरं का. पण पोरगं रडवेलं झालं होतं, आणि रडवेल्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही. ठकूबाई म्हणाली, "दिसंल भित. तू ये म्हंजे झालं."

मग तो गेला.

मग ठकूबाईनं काय केलं? रडत बसली? बसली, एक दिवस. दुसऱ्या दिवशी उठून भिंतीला लागली. पावसाळा संपला की भिंतीचे पोपडे काढायचे, मातीत भुसा मळून भोकं लिंपायची, मग चुना भिजवून कुंच्यानं दोन हात द्यायचे. पावसाच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला गवताची झड बांधायची, म्हणजे पाणी थेट मातीवर बसत नाही. आठवड्याला अंगण सारवायचं. आणि रोज सकाळी सडा घालून रांगोळी. रोज म्हणजे रोज. तुमच्यासारखं 'आज राहू दे, उद्या करते' नाही.

रांगोळी कसली, तर तांदळाच्या पिठाची. तिच्याकडे दगडाची पांढरी पूड कुठली असायला? चिमटीभर पीठ घ्यायची, आधी अंगणात चार रेघा ओढायची, मग वाटेच्या कडेला पण दोन फुलं काढायची. येणाऱ्याजाणाऱ्याला बरं वाटतं, म्हणायची.

अशी ती स्वच्छतेची मोठी कडक, पण जीव मऊ. वळचणीखाली एक कुंभारीण होती. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, भिंतीवर मातीची मडकी करते ती. ठकूबाई भिंत झाडायची, पण पिल्लं उडून जाईपर्यंत त्या मडक्यांना केरसुणी लावायची नाही. मागच्या शेतात बगळे उतरायचे. ते भिंतीवर बसून घाण करायचे. ती म्हणायची, "मेल्यांनो, तुम्ही एवढे पांढरे आणि माझी भिंत का रंगवता?" मग आपणच धुवायची, पण दगड कधी मारला नाही. आणि अंगणातल्या आंब्यावर खारी होत्या. रांगोळी काढून ती आत वळली की खारी खाली यायच्या आणि पीठ चाटून जायच्या. खारींना वाटायचं, म्हातारी रोज आपलं पान वाढते. वाढते, आणि वर नक्षी पण काढते. केवढी माया.

हसू नका. खारींना रांगोळी कोण शिकवणार?

अशी अकरा वर्षं गेली. बारावा पावसाळा आला तो भलताच आला. गवताची झड उडून गेली, पश्चिमेच्या भिंतीला हात जाईल एवढी भोकं पडली, चुना सगळा धुऊन गेला आणि आतली लाल माती दिसायला लागली. दसरा आला. ठकूबाई मातीची पाटी घेऊन उठली, दोन पावलं चालली आणि गुडघ्यातून जी खाली बसली, ती उठेचना. रात्री ताप भरला. गुडघे आणि ताप, दोन्ही एकदम.

गावची माणसं वाईट नव्हती, हं. पण भातकापणीचे दिवस, जो तो शेतात. ओढ्यापलीकडची कोंडाबाई तेवढी संध्याकाळी पेज घेऊन यायची. अंगणात घोट्याएवढं गवत वाढलेलं तिला दिसायचं. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं ठके. घर आतनं नीट असलं म्हंजे झालं."

ठकूबाई म्हणाली, "आतनं मला दिसतंय, कोंडे. भायेरनं त्याला दिसायचंय."

आणि तोंड फिरवून रडली. कारण दिवस भरत आले होते. दिवाळीच्या आत हैबती घाटाच्या वळणावर येणार, खाली बघणार, भिंत लाल दिसणार, आणि तो आल्या वाटेनं परत जाणार. इकडे ती जिवंत. हाक मारायला गेली तरी आवाज घाटापर्यंत कुठला पोचायला?

हे सगळं वळचणीतल्या कुंभारणीनं ऐकलं.

मग पहिल्या दिवशी काय झालं? कुंभारणीनं आपल्या आया-बहिणी बोलावल्या. मावश्या बोलावल्या. घूंऽऽ करत हजारो कुंभारणी आल्या. ओढ्याची ओली माती तोंडात धरून आणायची आणि भोकात बसवायची. एकेक मुगाच्या दाण्याएवढा गोळा. संध्याकाळपर्यंत भिंत सपाट.

दुसऱ्या दिवशी बगळे आले. ते भिंतीला पंख घासत वरून खाली उडाले, खालून वर उडाले. पंखांचं पांढरं भिंतीला लागलं, आणि बगळ्यांचं काही कमी झालं नाही. कसं ते विचारू नका, मी तिथे नव्हते. पण भिंत अशी झाली की चुन्याची पण होत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे खारी उतरल्या. त्यांनी अंगणातलं गवत उपटलं. कोंडाबाईची गाय चरत चरत आली आणि शेण टाकून गेली. मग ओढ्यात शेपट्या भिजवून, शेणात बुडवून, खारींनी अख्खं अंगण शेपटीनं सारवलं. एक कोपरा सुटला नाही. तुमच्या आईला दाखवायला हवं होतं.

आणि सगळं झाल्यावर थोरली खार म्हणाली, "म्हातारी आजारी आहे. आज तिच्याकडे पान मागायचं नाही."

"नाही नाही," सगळ्या म्हणाल्या. आणि समजूतदारपणे झाडावर जाऊन झोपल्या.

आता नीट ऐका. सारवलं की त्यावर रांगोळी काढायचीच. नक्षी नको, दोन रेघा पुरतात, पण रेघ हवीच. मी सारवते तेव्हा लगेच चिमूट का ओढते, ते आज कळलं का? घरातलं माणूस गेलं, म्हणजे कायमचं गेलं, की त्याला नेल्यावर लोक घर सारवतात आणि त्यावर रांगोळी घालत नाहीत. दार तसं कोरं दिसलं की रस्त्यावरच्या माणसाला कुणी काही सांगावं लागत नाही. तो मान खाली घालून पुढे जातो.

जवळ या दोघं. काही होत नाही, गोष्ट आहे.

तर त्याच सकाळी हैबती घाटाच्या वळणावर आला. गेला तेव्हा मिसरूड नव्हती, आता दाढी होती. त्यानं डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं. भिंत पांढरी. पांढरीशुभ्र. त्यानं मुंडासं काढून वर उडवलं आणि पळत सुटला. ठेचा लागल्या, काटे लागले, थांबला नाही. पळत पळत अंगणापाशी आला आणि उभा राहिला.

अंगण ओलं, नुकतंच सारवलेलं. आणि त्यावर रांगोळीचं बोट नाही.

त्याची आई रोज रांगोळी काढणारी. बारा वर्षं तो समुद्रात दगड वाहत होता आणि मनात त्या चार रेघा मोजत होता. तो समजायचं ते समजला. भिंत लोकांनी रंगवली असेल तिच्यासाठी, आणि आज पहाटेच... एक दिवस, अरे एकच दिवस उशीर. त्यानं हाक मारली नाही. मेलेल्या घरात हाक मारून उत्तर कोण देणार? तो तसाच ओढ्यावर गेला. आपल्यात माणूस गेल्याचं कळलं की नेसत्या कपड्यांनी अंघोळ करतात, तशी त्यानं केली. पाण्यात बसून पोटभर रडला. गावात जायचं त्याच्या मनात आलं नाही. आपण बोललो होतो तसं करू, म्हणाला. आल्या वाटेनं माघारी. आणि उठला.

इकडे घरात काय झालं? ठकूबाईला जाग आली ती शेणाच्या वासानं. ताप उतरला होता. तिला वाटलं, स्वप्न पडलं. भिंतीला धरून धरून ती दाराशी आली, कडी काढली आणि बघते तर अंगण आरशासारखं. आधी तिला हसूच आलं. मग तिनं नीट पाहिलं, तर त्यावर एक रेघ नाही.

"अगं बाई," ती म्हणाली, "मी मेले का काय?"

स्वतःला चिमटा काढला. दुखला. म्हणजे मेली नव्हती. मग तिला दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याहून वाईट होता. हैबतीनं हे बघितलं तर? गुडघे उभे राहू देईनात. डब्यात पीठ मूठभर. ती मूठ घेऊन ती म्हातारी बसल्या बसल्या सरकत, ओल्या शेणातून, लुगडं भरवत, अंगणात रेघा ओढत निघाली. एक रेघ, दोन रेघा. रेघ इकडे चालली तर पीठ तिकडे पडायचं. अंगण संपलं तशी ती वाटेच्या कडेला आली. कारण दुरून येणाऱ्याला आधी वाट दिसते.

तेवढ्यात हैबती ओढ्यावरून आला. घाटाकडे जायचं तर त्या घरावरूनच वाट. त्याला घराकडे बघायचं नव्हतं. मान खाली, डोळे पायांवर, अंगातून पाणी निथळतंय. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसरं त्यानं उचललं ते खाली पडेचना. हवेतच राहिलं.

पायाखाली रांगोळी होती.

त्याला कळायच्या आधी पायाला कळलं. रांगोळीवर पाय देऊ नये, हे त्याला कुणी शिकवलं होतं? चालायला यायच्या आधीपासून, पोटरीवर चापट मारून मारून, कुणी शिकवलं होतं? तो एका पायावर तसाच उभा राहिला आणि त्या रेघेकडे बघत राहिला. रेघ वाकडी होती, आणि पुढे सरकत होती. मग त्याला बोटं दिसली. बोटांतून पीठ पडत होतं.

"आये," तो म्हणाला.

ठकूबाईनं मान वर केली. आधी तिनं त्याचा पाय कुठे आहे ते पाहिलं. मग तोंड पाहिलं. मग दाढीतून ठिबकणारं पाणी पाहिलं, अंगाला चिकटलेले कपडे पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला.

"आरं ल्येका," ती म्हणाली, "नेसत्या कपड्यानं न्हालास? कोण गेलं आपल्यातलं?"

हैबती खाली बसला. त्यानं तिचे पिठाचे हात धरून आपल्या तोंडावर घेतले आणि लहान पोरासारखा रडला.

"कुणी नाय गं आये," तो म्हणाला. "कुणीच नाय गेलं."

मग त्यानं तिला उचलून आत नेलं. दोघांनी पेज खाल्ली. पुढे हैबतीचं लग्न झालं, घरात माणसं वाढली, ठकूबाई नातवंडं बघून खूप म्हातारी झाली. भिंत हैबती रंगवायचा, अंगण सून सारवायची, आणि रांगोळी मात्र ठकूबाई कुणाला काढू द्यायची नाही. ती सगळी सुखात राहिली.

एवढीच गोष्ट. सद्या, डोळे मीट, तू जागा आहेस ते मला दिसतंय. सकाळी मी अंगण सारवणार आहे. पहिली रेघ कुणी ओढायची ते आधी जो उठेल त्यानं ठरवायचं. निजा आता.